क्रोशाच्या खेळण्यातून आतला कापूस दिसतो? आधी भोक कुठे आहे ते बघा

क्रोशाने छोटी खेळणी विणायला लागलेल्या जवळजवळ सगळ्यांची तक्रार एकच असते: टाक्यांमधून आतला कापूस दिसतो. लोकर बदलली तरी दिसतो, महागाचं पॉलिएस्टरचं फायबर भरलं तरी दिसतो. राखाडी हत्तीच्या पोटावर पांढरे ठिपके उठतात आणि विणणारी हिरमुसते. मला याचं फार वाईट वाटतं, कारण अमिगुरुमीची खरी मजा नेमकी इथे हातातून जाते. या जपानी विणकामात मधोमध सहा टाक्यांपासून सुरुवात होते. त्याची चकती होते, चकतीची वाटी, वाटीचा चेंडू. चेंडूला डोळे लावले की तो आपल्याकडे बघायला लागतो. मोठी माणसंसुद्धा त्या क्षणी हसतात. ते हसू पोटावरच्या भोकांपायी वाया जायला नको.

बहुतेक जण दोष कापसाला देतात. कापसाच्याही काही खोडी आहेत, त्याकडे पुढे येते. पण बहुतेक वेळा भोक विणीतच असतं आणि कापूस भरायच्या आधीपासून असतं. म्हणून खेळणं बंद करण्याआधी एक तपासणी करायची सवय लावून घ्या. रिकाम्या पोटात दोन बोटं घाला, ती फाकवा आणि खिडकीसमोर धरा. रात्री विणत असाल तर मोबाइलचा टॉर्च आत धरा. उजेड सगळीकडून सारखा येतोय? एका तिरक्या रेषेत येतोय? फक्त शेंड्याच्या मध्यातून? की रिकामं असताना काहीच नव्हतं आणि भरल्यावर फुगवट्यावर भोकं पडली? जागा कळली की कारण कळतं, आणि कारण कळलं की उपाय बहुधा सोपा असतो.

उजेड सगळीकडून येत असेल तर

हा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार, आणि याची मुळं आपल्या हातांच्या सवयीत आहेत. आपल्या घरांत क्रोशे ओळखीचा आहे तो दाराच्या तोरणामुळे, टीपॉयवरच्या रुमालामुळे, रुखवतात मांडलेल्या जाळीदार झाकण्यांमुळे. त्या कामात भोक हीच शोभा असते. साखळ्या मोकळ्या, खांब उंच, हात हलका. वर्षानुवर्षं असं विणलेला हात खेळण्यालाही सैलच टाका घालतो. अप्रतिम तोरणं करणाऱ्या मावशींना पहिला ससा जमवताना नवशिक्या मुलींपेक्षा जास्त वेळ लागतो तो यामुळे. त्यांच्या कौशल्यात काही उणं नाही, फक्त इथे उलटं हवं असतं. खेळण्यात जवळजवळ सगळं काम मुक्या खांबांचं, म्हणजे सिंगल क्रोशेचं असतं. टाका बुटका हवा आणि शेजाऱ्याला चिकटून बसलेला हवा. विणलेली रिकामी वाटी टेबलावर ठेवली तर आपली आपण उभी राहिली पाहिजे. ती मऊ पडून बसत असेल तर वीण सैल आहे.

यावर पहिला उपाय म्हणजे क्रोशाची सुई बारीक घ्या. हात आवळून विणू नका. लोकरीच्या वेष्टनावर जे मिलिमीटर छापलेले असतात ते स्वेटर, शाल, टोपी यांच्यासाठी असतात, म्हणजे कापड लवचीक आणि झुळझुळीत पडावं अशा बेताने. खेळण्यासाठी त्यापेक्षा १ ते १.५ मिमी बारीक सुई घ्या. वेष्टनावर ४ मिमी असेल तर ३ मिमीने सुरुवात करा, तरी उजेड दिसला तर २.५ मिमी घ्या. आवळून विणल्याने मनगट आणि अंगठा दुखतो आणि टाकेही एकसारखे येत नाहीत. घट्टपणाचं काम सुईला करू द्या. आणखी एक गोष्ट: सुईच्या टोकाशी जी निमुळती मान असते, तिच्यावर टाका तयार करू नका. फास सुईच्या पूर्ण जाडीच्या भागावर सरकवून मग पुढचा टाका घ्या. मानेवर काही टाके आणि दांड्यावर काही, असं झालं की वीण कुठे आवळलेली आणि कुठे ढिली दिसते.

सुई विकत घेताना नंबरांचा घोळ लक्षात ठेवा. विणकामाच्या सुयांना आपल्याकडे अजूनही जुने ब्रिटिश नंबर चालतात आणि त्यांत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक: ८ नंबर म्हणजे ४ मिमी, ११ नंबर म्हणजे ३ मिमी, १४ नंबर म्हणजे २ मिमी. दोऱ्याच्या बारीक स्टीलच्या सुयांचे नंबर आणखी वेगळे. त्यामुळे दुकानात सरळ मिलिमीटरमध्येच मागा. दांड्यावर माप कोरलेलं नसेल तर सुया मोजायच्या भोकांच्या पट्टीतून घालून बघा.

सुई बारीक केली तरी उजेड दिसतोय? मग सुई कुठे खुपसताय ते बघा. प्रत्येक टाक्याच्या माथ्यावर दोन धागे असतात, एक आपल्या बाजूचा आणि एक पलीकडचा. नमुन्यात वेगळं सांगितलं नसेल तर सुई दोन्ही धाग्यांखालून जायला हवी. गडद लोकरीत किंवा रात्रीच्या उजेडात नकळत एकच धागा उचलला जातो. ज्या फेरीत असं होतं तिथे बाहेरून एक आडवी रेघ उमटते आणि वीण तिथे ताणली जाते. अशी रेघ दिसली तर तेवढ्या फेऱ्या उसवून परत विणा. शिकण्याच्या काळात काळी, गडद निळी, गडद तपकिरी लोकर घेऊच नका. फिका पिवळा, आकाशी, पोपटी असे रंग घ्या, टाका नीट दिसतो आणि मोजता येतो.

यानंतरची गोष्ट बऱ्याच जणींना माहीतच नसते आणि कळली की त्या हरखून जातात. टाक्यात सुई घातल्यावर लोकर दोन तऱ्हांनी उचलता येते. आपली नेहमीची तऱ्हा अशी की लोकर सुईवरून घ्यायची आणि ओढून काढायची. दुसऱ्या तऱ्हेत सुईचं टोक लोकरीच्या वरून नेऊन तिला खाली दाबत पकडायचं, म्हणजे लोकर सुईखाली राहते, आणि तशीच ओढून काढायची. नंतर दोन्ही फास एकत्र काढताना मात्र लोकर नेहमीसारखीच सुईवरून घ्यायची. पहिल्या तऱ्हेने टाका बाहेरून इंग्रजी व्हीसारखा दिसतो, दुसऱ्या तऱ्हेने फुलीसारखा. फुलीचा टाका थोडा लहान आणि जास्त घट्ट बसतो. तीच लोकर, तीच सुई, तेच हात, तरी भोकं कमी. दोन्ही बरोबर आहेत, पण एका खेळण्यात एकच तऱ्हा ठेवा. डोकं व्हीचं आणि धड फुलीचं झालं तर दोघांचं माप जुळत नाही.

आता नमुन्याची भाषा. खांबांची नावं ब्रिटिश पुस्तकांत वेगळी आणि अमेरिकन नमुन्यांत वेगळी असतात. ब्रिटिश ज्याला डबल क्रोशे म्हणतात तो अमेरिकनांचा सिंगल क्रोशे, म्हणजे आपला मुका खांब. घरातल्या जुन्या पुस्तकांत बहुधा ब्रिटिश नावं असतात आणि इंटरनेटवरचे नमुने बहुतेक अमेरिकन. जुन्या पुस्तकातला डबल क्रोशे वाचून कोणी अमेरिकन पद्धतीचा उंच खांब घातला तर दोन खांबांमध्ये खिडकी पडणारच. ओळखायची खूण सोपी आहे: नमुन्यात कुठेही सिंगल क्रोशे असा शब्द आला तर तो अमेरिकन. ब्रिटिश पद्धतीत ते नावच वापरत नाहीत.

आणि एकदा खेळण्याची बाजू तपासा. वाटी हातात धरल्यावर तुम्ही जवळच्या काठावर विणताय की पलीकडच्या? उजव्या हाताने विणणाऱ्याने जवळच्या काठावर, वाटीची बाहेरची बाजू स्वतःकडे ठेवून विणायचं असतं. पलीकडच्या काठावर विणत असाल तर खेळणं उलटं चाललंय: बाहेर टाक्यांऐवजी आडव्या दांड्या दिसतील आणि कमी केलेले टाके उठून दिसतील. काही उसवायला नको. वाटी हातमोज्यासारखी उलटी करा आणि पुढे विणा.

भोकं एका तिरक्या रेषेत असतील तर

ही टाके कमी केल्याची भोकं. डोक्याच्या खालच्या अर्ध्या भागात, मानेकडे येताना ती दिसतात आणि एकाखाली एक येत तिरकी उतरतात. नेहमीच्या पद्धतीत दोन टाक्यांच्या दोन्ही धाग्यांखालून लोकर काढून दोनाचा एक करतात. तिथे गाठ जाड होते आणि तिच्या कडेला फट राहते. तोरणात ती खपून जाते, गोल गालावर खपत नाही.

उपाय असा. सुई पहिल्या टाक्याच्या फक्त जवळच्या धाग्याखालून घाला. लोकर न घेता लगेच दुसऱ्या टाक्याच्याही फक्त जवळच्या धाग्याखालून घाला. आता सुईवर तीन फास आहेत. लोकर घ्या, त्यांतल्या दोन धाग्यांतून काढा, दोन फास उरतील. परत लोकर घ्या आणि दोन्हींतून काढा. झाला दोनाचा एक. बाहेरून बघाल तर तो साध्या मुक्या खांबासारखाच दिसतो. उरलेले मागचे धागे आत दडतात. पहिल्यांदा सुई दुसऱ्या धाग्याखाली घालताना अडखळते. सुई आपल्याकडे थोडी खाली झुकवली की जाते.

टाके कमी करायचे म्हणून एखादा टाका नुसता सोडून पुढे जाणं मात्र कधीच नको. संख्या बरोबर येते, पण सोडलेल्या जागी भोक राहतंच.

कमी करायच्या जागा प्रत्येक फेरीत एकाच ठिकाणी येतात म्हणूनही ती रेघ उठून दिसते. वाढवताना हेच झालं की गोल डोक्याला सहा कोपरे येतात. म्हणून एकाआड एक फेरीत जागा सरकवा. समजा १८ टाक्यांचे २४ करायचे आहेत. नमुना सांगतो: २ साधे, एकात दोन, असं सहा वेळा. त्याऐवजी १ साधा, एकात दोन, मग २ साधे आणि एकात दोन असं पाच वेळा, शेवटी १ साधा. टाके २४ च होतात, पण वाढीच्या जागा आधीच्या फेरीतल्या वाढीवर येत नाहीत. कमी करतानाही असंच. एवढ्या बदलाने चेंडू खरोखर गोल दिसायला लागतो.

भोक फक्त शेंड्यावर असेल तर

मॅजिक रिंग, म्हणजे ज्यात सुरुवातीचे सहा टाके घालतात तो ओढून आवळता येणारा फास, ढिली राहिली आहे. सुरुवातीचं टोक किमान बोटभर लांब ठेवा, दुसरी फेरी झाल्यावर परत एकदा ओढून आवळा आणि मग ते टोक शिवायच्या बोथट सुईत ओवून आतून त्या सहा टाक्यांभोवती एकदा फिरवून पक्कं करा. नुसतं आत सोडून दिलं तर धुतल्यावर रिंग उघडते. रिंगऐवजी दोन साखळ्या घालून पहिल्या साखळीत सहा टाके घालायची पद्धत सोपी आहे, पण ते भोक नंतर आवळता येत नाही.

भरल्यावर पोटावरच भोकं पडत असतील तर

आता कापसाकडे. विणीत दोष नसतानाही भरण जास्त झालं की टाके ताणून उघडतात. भरताना चिमूटभर घ्या, बोटांनी पिंजून मोकळं करा आणि आधी कडेने, मग मध्ये भरा. एकदम मोठा गोळा कोंबला की त्याचा एक कोपरा बाहेर टोचतो आणि तिथेच भोक दिसतं. कोंबायला क्रोशाची सुई वापरू नका, तिचा आकडा आतले तंतू धरतो आणि बाहेर ओढून आणतो. चमच्याचा दांडा किंवा पेन्सिलची बोथट बाजू चांगली. किती भरायचं? अंगठ्याने दाबलं की खळगा पडावा आणि हात काढताच भरून यावा. मान मात्र घट्ट भरा, नाहीतर डोकं लुळं पडतं.

घरातला गादीचा कापूस भरायचा मोह होतो. नका भरू. तो कालांतराने गोळे धरतो, धुतला की पाणी सोडत नाही आणि पावसाळ्यात आतून कुबट वास यायला लागतो. पॉलिएस्टरचं फायबर हलकं असतं आणि लवकर वाळतं. जुनी धुतलेली उशी उसवून तिच्यातलं फायबर पिंजून वापरलं तरी छान चालतं.

काळा कावळा किंवा तपकिरी अस्वल करताना घट्ट विणीतूनही पांढरं फायबर थोडं चमकतंच. तिथे आतून अस्तर द्या. जुन्या गडद नायलॉनच्या पायमोज्याचा तुकडा पोटात बसवा आणि फायबर त्याच्या आत भरा. त्याच लोकरीचे उरलेले तुकडे डबीत साठवत असाल तर ते कडेने लावा आणि फायबर मध्ये ठेवा. मला हा उपाय जास्त आवडतो, कारण एकही तुकडा फुकट जात नाही.

डोळ्यांभोवतीचं भोक

प्लास्टिकचे सेफ्टी डोळे मागच्या चकतीने एकदा दाबून बसवले की निघत नाहीत. ते सरळ ताणून काढायला गेलं की भोवतीचे टाके फाकतात. म्हणून डोकं बंद करण्याआधी, पण थोडं फायबर भरून आकार आल्यावर, मण्यांच्या टाचण्या लावून जागा ठरवा. इथे घाई करू नका, हा सगळ्यात गमतीचा भाग आहे. तेच डोकं, तेच दोन काळे मणी. खाली आणि लांब लांब लावले तर बाळ दिसतं. वर आणि जवळ लावले तर काळजीत पडलेले आजोबा. एक टाका इकडेतिकडे केला की स्वभाव बदलतो. घरातल्या मुलांना बोलवा आणि टाचण्या तुम्ही लावत जा, स्वभाव त्यांना ठरवू द्या. जागा ठरली की टाचण्या काढून मोजा, मगच चकती दाबा. खेळणं तीन वर्षांखालच्या मुलासाठी असेल तर सेफ्टी डोळे लावूच नका, काळ्या दोऱ्याने भरतकाम करून डोळे काढा. टाचण्या मोजून परत डबीत ठेवल्याची खात्री करा.

खेळणं बंद झालंय आणि भोकं आत्ता दिसली

एक-दोन भोकं असतील तर त्याच लोकरीचा धागा बोथट जाड सुईत ओवा. भोकापासून जरा लांबून आत शिरा, भोकाच्या दोन्ही बाजूंच्या टाक्यांच्या पायांतून धागा न्या आणि हळूच जवळ आणा. आवळलात तर सुरकुती पडते. मग सुई धडातून आरपार नेऊन धागा बाहेर कापा, टोक आपोआप आत जाईल. सगळीकडेच भोकं असतील तर शिवत बसू नका, उसवा. अॅक्रिलिक आणि सुती लोकर उसवली की कुरळी होते. तिची सैल लडी करा, ओली करा आणि वाळवून घ्या, ती पुन्हा सरळ होते. मखमली लोकर मात्र उसवताना झडते. टाकेही तिच्यात दिसत नाहीत, बोटांनी चाचपावे लागतात. म्हणून ती भोकं लपवत असली तरी शिकायला घेऊ नये असं माझं मत आहे.

तुमची सुई कोणती, हे ठरवायचं कसं

स्वेटरला चौकोनी नमुना विणून माप बघतात. इथे चौकोन नको, सरळ चेंडू विणा. पिवळी लोकर घ्या. मॅजिक रिंगमध्ये ६ टाके, मग फेरीगणिक १२, १८, २४, ३०. त्यानंतर ३० टाक्यांच्याच पाच फेऱ्या. मग कमी करत २४, १८. इथे थांबून उजेडासमोर धरा, डोळे बसवा, फायबर भरा. मग १२, मग ६. उरलेल्या सहा टाक्यांच्या बाहेरच्या धाग्यांतून शिवायच्या सुईने धागा ओवून आवळा. सगळे मिळून ३०० टाके होतात. प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवा, कारण या कामात फेऱ्या जोडत नाहीत, गोगलगाईच्या शंखासारखं गोल गोल विणत जायचं असतं आणि पिन नसेल तर फेरी कुठे संपली ते कळत नाही.

एक चेंडू ३ मिमीच्या सुईने करा, दुसरा २.५ मिमीच्या. दोन्ही शेजारी ठेवा. ज्यातून कापूस दिसत नाही ती त्या लोकरीसाठी तुमची सुई. वेष्टनाचा कागद आणि सुईचा नंबर एका वहीत चिकटवून ठेवा, पुढच्या वेळी परत शोधायला नको. दोन्ही चेंडूंना केशरी धाग्याने चोच भरा आणि बाजूला तीन-तीन टाक्यांचे पंख शिवा. एक पिल्लू जरा मोठं आणि मऊ होईल, दुसरं लहान आणि टणक. मुलं दोघांनाही नावं ठेवून मोकळी होतील आणि तिसरं कोणतं करायचं ते सांगतील.